माझ्या वाट्याचे पंधरा हजार लिटर

“आमच्या एका घराच्या सांडपाण्याने नदीला असे काय होणार आहे?”

हा प्रश्न आपल्याकडे अनेकदा कानावर येतो. विचारणारा माणूस वाईट नसतो. बहुतेक वेळा तो घर स्वच्छ ठेवणारा, देवाला भिऊन वागणारा, कुणाचे एक रुपयाचे देणे न ठेवणारा असतो. त्याच्या मोरीचे पाणी मागच्या गटारात जाते, गटार ओढ्याला मिळते, ओढा इंद्रायणीला. एवढ्या मोठ्या नदीपुढे आपले बादलीभर पाणी ते काय, असे त्याला मनापासून वाटते. म्हणून या प्रश्नाला रागावून उत्तर देण्यात अर्थ नाही. तो प्रश्न हिशेबाचा आहे, तेव्हा आधी हिशेबच करू आणि मग त्यातला धर्माचा भाग पाहू.

आपली नदी आपल्याला ठाऊक आहे. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला इंद्रायणी उगम पावते. लोणावळा शहर तिच्या अगदी सुरुवातीलाच लागते. तिथून ती आपल्याकडे येते. कार्ला फाट्यावरून मळवली स्टेशनकडे येताना जो पूल ओलांडावा लागतो, तो तिचाच. पुढे कामशेत, मग देहू, मोशी, आळंदी करत तुळापूरला ती भीमेला मिळते. म्हणजे आपल्या वर एक शहर आहे आणि आपल्या खाली देहू-आळंदीपर्यंतची सारी माणसे आहेत. आपण मधले. वरच्यांविषयी तक्रार करायची आणि खालच्यांचा विचार करायचा नाही, ही मधल्या माणसाची नेहमीची सोय असते.

आता पाणी चांगले की वाईट हे ठरवायचे कसे? डोळ्यांनी ते नीट कळत नाही. आषाढात गढूळ, तांबडे दिसणारे पाणी अनेकदा त्यातल्या त्यात कमी घाण असते, आणि मार्गशीर्षात तळाचे दगड दिसतील इतके नितळ पाणी रोगाचे घर असू शकते. नाकाला कळते, पण ते फार उशिरा कळते. म्हणून पाण्याची परीक्षा करणाऱ्यांनी एक वेगळा प्रश्न शोधून काढला. या पाण्यात श्वास घेण्याजोगे काही उरले आहे का?

मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. हा प्राणवायू फारच थोडा असतो. साधारण 25 अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम, आणि आपल्यासारख्या उंचावरच्या गावात त्याहूनही किंचित कमी. पाणी तापले की तोही घटतो. आता या पाण्यात भाताची पेज, साबणाचे पाणी, शौचालयातला मैला मिसळला की पाण्यातल्या सूक्ष्म जिवाणूंना मेजवानी मिळते. ते खातात, वाढतात आणि खाता खाता प्राणवायू वापरून टाकतात. घाण माशाला विष होऊन मारते असे दर वेळी घडत नाही. पुष्कळदा तिच्यामुळे मासा गुदमरतो.

पाण्यातला प्राणवायू मोजण्याची रीत 1888 साली लायोश विंकलर या हंगेरियन रसायनतज्ज्ञाने दिली. ती आजही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत शिकवतात. बाटली काठोकाठ भरून हवेचा बुडबुडाही न ठेवता बूच लावायचे, दोन रसायने घालायची. प्राणवायू असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो. आपल्याकडे पांढरा रंग शुद्धतेचा मानतात, पण या बाटलीत पांढरा साका दिसणे म्हणजे पाणी मेल्याची खूण.

दुसरी परीक्षा अधिक महत्त्वाची आहे. तिचे लांबलचक नाव जैवरासायनिक प्राणवायू मागणी असे आहे. सगळे तिला बीओडी म्हणतात. नमुन्यातला प्राणवायू आज मोजायचा, बाटली अंधारात 20 अंशांवर पाच दिवस ठेवायची आणि पुन्हा मोजायचा. जेवढा कमी झाला तेवढी त्या पाण्यातल्या घाणीची भूक. इंग्लंडात सांडपाण्याविषयी 1898 साली नेमलेल्या शाही आयोगाच्या कामातून ही परीक्षा पुढे आली. पाच दिवसच का? तर तिथल्या नद्यांचे पाणी समुद्राला मिळायला त्याहून जास्त वेळ घेत नाही म्हणून, असे सांगतात. आपल्या उष्ण हवेला सोईची म्हणून भारतात 27 अंशांवर तीन दिवसांची परीक्षाही मान्य आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नदीत उघड्यावर आंघोळ करण्यासाठी जे निकष घातले आहेत, त्यांत ही भूक लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत असावी आणि विरघळलेला प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम असावा, असे म्हटले आहे. हे फक्त आंघोळीपुरते झाले. पिण्याचे निकष याहून कडक आहेत.

आता त्या सज्जन गृहस्थाचा हिशेब करू.

एक माणूस दिवसभरात शौचालय, मोरी आणि स्वयंपाकघर मिळून किती बीओडी पाण्यात सोडतो, याचे आकडे ठरलेले आहेत. युरोपने 1991 साली केलेल्या नियमांत माणशी 60 ग्रॅम धरले आहेत. आपला आहार वेगळा, वापर वेगळा. आपण 45 ग्रॅम धरू. 45 ग्रॅम म्हणजे 45,000 मिलिग्रॅम. लिटरमागे 3 मिलिग्रॅम ही मर्यादा असेल, तर 45,000 ला 3 ने भागायचे. उत्तर येते 15,000 लिटर.

म्हणजे एका माणसाचे एका दिवसाचे सांडपाणी जसेच्या तसे सोडले, तर अगदी निर्मळ अशा 15,000 लिटर पाण्याला ते आंघोळीच्या मर्यादेच्या टोकाला नेऊन ठेवते. दहा हजारांचे दीड टँकर! पाच माणसांच्या घराचे होतात 75,000 लिटर. कुणी म्हणेल, आकडा जास्त धरला. बरे, 30 ग्रॅम धरा. तरी माणशी 10,000 लिटर होतातच, तेही रोजचे. उन्हाळ्यात ज्या वस्तीत टँकरसाठी भांडण होते, त्याच वस्तीतला प्रत्येक जण नदीचे रोज एक-दीड टँकर पाणी कळत-नकळत खर्च करत असतो.

घराला सेप्टिक टाकी असली की आपण निर्धास्त होतो. ती टाकी चांगली चालत असेल तर बीओडीचा तिसरा हिस्सा, फार तर निम्मा काढते. उरलेले पाणी शोषखड्ड्यात जिरले तर ठीक. पण टाकीच्या बाहेरचा पाइप थेट ओढ्यात सोडलेला असेल, तर निम्मे टँकर शिल्लकच राहतात. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी, आणि उपसणाऱ्या गाडीने तो मैला कुठे नेऊन ओतला हे आपण सहसा विचारत नाही.

एवढा हिशेब ऐकल्यावर तो गृहस्थ एक चांगला मुद्दा काढील, आणि तो मुद्दा खरा आहे. “नदी स्वतःला साफ करते की!” हो, करते. दगडांवरून खळाळणारे पाणी हवेतला प्राणवायू ओढून घेते, जिवाणू घाण संपवतात, काही अंतर गेल्यावर पाणी सावरते. स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीचा अभ्यास करून 1925 साली याचे गणित मांडले. घाण पडल्यावर प्राणवायू कसा खाली जातो आणि पुढे कसा हळूहळू वर येतो, हे त्या गणिताने काढता येते. आपल्या इंद्रायणीचे पात्र इथे उथळ आणि खडकाळ आहे, ही देवाची कृपाच म्हणायची. तेव्हा नदीकाठी एकच घर असते, तर “काय होणार आहे” या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर “काही नाही” असेच द्यावे लागले असते.

इथेच या विषयातला नैतिक पेच आहे असे मला वाटते. नदीची स्वतःला साफ करण्याची शक्ती खरी आहे, पण तिला मर्यादा आहे, आणि ती कुणा एकाची नाही. ती काठावरच्या सगळ्यांची सामाईक ठेव आहे. वरच्या गावाने ती सगळी वापरून टाकली की खालच्या गावाच्या वाट्याला काहीच उरत नाही. खालच्या गावाने तेवढीच, किंवा निम्मीही, घाण सोडली तरी नदी मरते आणि दोष मात्र खालच्या गावाच्या नावावर जमा होतो. शेवटचा थेंब टाकणारा तेवढा गुन्हेगार आणि आधीचे सगळे निर्दोष, हा कुठला न्याय? जो पहिला होता त्याने मर्यादा ओलांडली नव्हती हे खरे. पण दुसऱ्यांच्या वाट्याची मोकळीक त्याने वापरली होती, हेही तितकेच खरे.

पाणी घेताना आपल्या लोकांना हा न्याय चांगला कळतो. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षे फड पद्धत चालली. बंधाऱ्याचे पाणी फडाफडात वाटायचे, पाटकरी नेमायचा, वरच्याने आपले शेत भरले म्हणून खालच्याचे पाणी तोडायचे नाही. पाणी कमी असेल त्या वर्षी सगळ्यांनी मिळून टंचाई सोसायची. पाणी घेण्याला आपण पाळी लावली. पाणी बिघडवण्याला मात्र ना पाळी, ना पाटकरी. ज्याला पाइप टाकता आला, त्याचा हक्क!

शेजारी कोण, हा प्रश्न शुभवर्तमानात एका शास्त्र्याने विचारला आहे, आणि त्याचे उत्तर म्हणून चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्या गोष्टीत एक सोय आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. जखमी माणूस रस्त्यावर दिसत होता. याजकाने पाहिला, लेव्याने पाहिला, शोमरोनी माणसानेही पाहिला. पुढे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवले. नदीची अडचण अशी की खालचा माणूस आपल्याला दिसतच नाही. देहूच्या घाटावर पाय बुडवणारी म्हातारी, आळंदीला तोंडावर पाणी घेणारा वारकरी, निघोज्याच्या बंधाऱ्यातून उचललेले पाणी शुद्ध होऊन नळाने मिळते ते पिंपरी-चिंचवडचे कुटुंब, यांपैकी कुणाचाही चेहरा मळवलीच्या पुलावरून दिसत नाही. दया यायला चेहरा लागतो. जिथे चेहरा नसतो तिथे आकड्यावर काम भागवावे लागते. पाण्याची परीक्षा करणे म्हणूनच मला नुसते शास्त्रज्ञांचे काम वाटत नाही. न दिसणाऱ्या माणसाला पाहण्याची तेवढी एकच रीत आपल्या हाती आहे.

मात्र याबाबत अतिशयोक्ती करू नये. आळंदीला अलीकडच्या वर्षांत पात्रावर जो पांढरा फेस येतो, त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात आणि आपण हळहळतो. तो फेस मळवलीच्या मोऱ्यांचा आहे असे कुणी म्हणेल तर ते खरे नाही. खालच्या पट्ट्यातल्या दाट वस्त्या आणि कारखाने यांचा त्यात मोठा वाटा आहे. केंद्रीय मंडळाने 2018 साली देशभरात 351 प्रदूषित नदीपट्टे दाखवले, त्यांतले सर्वाधिक, 53, महाराष्ट्रात होते. 2022 च्या यादीत देशाची संख्या 311 वर उतरली, महाराष्ट्राची मात्र 55 झाली. एवढ्या मोठ्या पापात आपला भाग लहान आहे. पण आपल्याकडून निघालेली नदी तिथे ताजीतवानी पोहोचते की आधीच थकून पोहोचते, हा फरक आपल्या हातचा आहे. शिवाय लोणावळा आणि वळवण तलावांत अडवलेले पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजघराकडे जाते. 1915 सालापासून ही व्यवस्था आहे. ते चूक की बरोबर हा वेगळा विषय आहे. पण उन्हाळ्यात नदीत वाहते पाणी थोडे असते आणि थोड्या पाण्यात थोडी घाणही फार होते, एवढे लक्षात ठेवायला हवे.

1974 साली केंद्र सरकारने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा केला. महाराष्ट्राने त्याआधीच, 1969 साली, स्वतःचा कायदा करून 1970 मध्ये मंडळ स्थापन केले होते. 1974 च्या कायद्यातले 24 वे कलम सांगते की कुणीही जाणूनबुजून ओढ्यात किंवा विहिरीत प्रदूषक पदार्थ जाऊ देता कामा नये. यातला ‘जाणूनबुजून’ हा शब्द वाचून मला आपले धर्मशिक्षणाचे वर्ग आठवले. गंभीर पापाला पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती लागते, असे आपण शिकलो. मग ज्याला माहीतच नाही, तो सुटला का? ज्याला कळण्याचा काही मार्गच नव्हता, तो सुटला. पण कळले तर खर्च करावा लागेल म्हणून ज्याने पाइपाच्या टोकाशी जाऊन पाहिलेच नाही, त्याचे काय? ख्रिस्तसभेची शिकवण इथे स्पष्ट आहे. अज्ञानाचे सोंग घेतल्याने दोष कमी होत नाही, वाढतो.

भाज्याच्या लेण्यांत आपण पाहुण्यांना घेऊन जातो तेव्हा चैत्यगृह दाखवतो. तिथल्या पाण्याच्या टाक्यांकडे फारसे कुणी पाहत नाही. त्यांपैकी एका टाक्याजवळ ब्राह्मी लिपीत दानलेख कोरलेला आहे. कोसिकीपुत्र विण्हुदत्त नावाच्या एका महारठीने हे टाके, त्या काळच्या भाषेत ‘पोढी’, दान दिले अशा अर्थाचा. दोन हजार वर्षांच्या आसपास जुनी गोष्ट. त्या पाण्याचा घोट कोण घेणार हे त्या दात्याला ठाऊक नव्हते. घाण सोडणाऱ्यालाही ते ठाऊक नसतेच.

आता, परीक्षा करायची ठरवली तर ती प्रामाणिकपणे व्हायला हवी. आकडा खोटा नसूनही खोटी साक्ष देऊ शकतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलैत नमुना घेतला तर कुठल्याही ओढ्याचे पाणी उत्तम निघेल आणि आपण एकमेकांचे अभिनंदन करू. खरे काय ते एप्रिल-मेमध्ये कळते, कारण तेव्हा काही ओढ्यांत वरून येणारे पाणी नसतेच, असते ते फक्त आपलेच सांडपाणी. दिवसाच्या वेळेचाही फरक पडतो. पाण्यात शेवाळ असेल तर उन्हात ते प्राणवायू सोडते, म्हणून दुपारचा आकडा फुगलेला येतो; रात्रभर उपसा झाल्यावर पहाटे तो सर्वांत खाली असतो. दुपारी दोनचा नमुना दाखवून पहाटेची गोष्ट लपवणारा आठवी आज्ञाच मोडतो, असे मी तरी म्हणेन.

नमुना कुठे घ्यावा याला त्याहूनही महत्त्व आहे. एकच नमुना घेतला तर तो बहुधा वरच्यांना दोष देण्याच्या कामी येतो. दोन घ्यावेत. एक ओढा आपल्या वस्तीत शिरतो तिथे, दुसरा तो वस्तीतून बाहेर पडतो तिथे. खालच्या आकड्यातून वरचा वजा केला की उरते ते आपले. त्यात लोणावळ्याचा काही संबंध नाही.

ज्यांना प्रयोगशाळा गाठता येत नाही त्यांनाही बरेच करता येते. पाण्यातला एखादा दगड उलटून पाहावा. त्याच्या खाली तीन शेपट्यांचे चपटे किडे चिकटलेले असतील, तर पाण्यात प्राणवायू आहे. नुसते लाल, केसासारखे वळवळणारे जंतू असतील, तर ते फारसा प्राणवायू नसतानाही जगणारे आहेत हे समजावे. मैल्यातल्या जिवाणूंसाठी आपल्याच देशातल्या संशोधकांनी 1982 साली एक साधी बाटली तयार केली. पाणी घालून एक-दोन दिवस ठेवले आणि ते काळे झाले, तर मैला मिसळल्याचा संशय घ्यायचा. जल जीवन मिशनमध्ये 2019 नंतर गावोगावी पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवण्याचे ठरले, तेही पिण्याच्या पाण्यासाठी उपयोगी आहे. ही जिवाणूंची परीक्षा टाळू नये. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गीया-बारे सिंड्रोमची साथ आली, दोनशेहून अधिक माणसे आजारी पडली, कुणाचे पाय गेले, कुणाला श्वासासाठी यंत्र लागले. काही रुग्णांच्या नमुन्यांत दूषित पाण्या-अन्नातून येणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावरच गेला. तिथले पाणीही पाहायला नितळच असणार.

राहिला एक आक्षेप, आणि तो सर्वांत अवघड. “आम्ही शोषखड्डा खणू, पण वरचा बंगलेवाला आणि शनिवार-रविवारी येणारी हजारो माणसे, त्यांचे काय? आम्हीच का?” याचे समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नाही. एवढेच म्हणता येईल की ठेव सामाईक असली तर आपण खर्च न केलेला भाग वाया जात नाही, तो खालच्या कुणाला तरी मिळतो. आणि ज्याच्या स्वतःच्या दोन नमुन्यांत फरक उरलेला नाही, त्याला वरच्याकडे बोट दाखवता येते. ग्रामसभेत, नगरपरिषदेत, मंडळाकडे त्याचे म्हणणे कागदासह जाते.

म्हणून या उन्हाळ्यात ज्यांना उत्साह असेल त्यांनी, पावसाला तोंड लागण्यापूर्वी, आपल्या ओढ्याचे दोन जागचे नमुने घ्यावेत. बाटल्या बर्फात ठेवून त्याच दिवशी तपासणीला पोहोचवाव्या लागतात, तेव्हा गाडीची सोय आधी पाहावी. शक्य असेल तर दोनदा घ्यावेत, एकदा गुरुवारी आणि एकदा सोमवारी, पर्यटक परतल्यानंतरच्या पहाटे, पहिली लोकल मळवलीहून सुटते त्या सुमाराला.